झाडीतल्या गाण्यांची रात्र

दिवाळी आली की पुण्यामुंबईच्या रसिकाला पहाटेच्या मैफली आठवतात. अभ्यंगस्नान उरकावे, नवे झब्बे चढवावेत आणि फराळाला बसण्यापूर्वी दोन नाट्यपदे नि तीन भावगीते ऐकून यावीत, असा आता आपला शिरस्ताच झाला आहे. पण याच महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाला गाण्यांची एक अशी दिवाळी साजरी होते, की जी भाऊबीजेच्या सुमारास सुरू होते ती होळी पेटेपर्यंत संपत नाही!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानमुलुखाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. भाताचे पीक घरात आले की इथल्या गावांना नाटकाचे वेध लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचे माहेरघर. तिथून निघालेल्या मंडळ्या आज या गावी तर उद्या त्या गावी, असा मुक्काम हलवीत हिंडतात. या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग करणारे गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा कुठे आपल्यापैकी अनेकांच्या कानी झाडीपट्टीचे नाव पडले. आणि नाटक म्हटले की गाणी आली; गाणी म्हटली की ती रचणारे आले. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी शिंपी. त्यांच्यासाठी वेगळे संमेलन भरत नाही आणि त्यांच्या छातीवर बिल्ले लागत नाहीत. हे चार महिने हाच त्यांचा उत्सव.

तो पाहावा म्हणून गेल्या माघात आम्ही चौघे मित्र नागपूरहून निघालो. आमच्यात एक डॉक्टर, एक पेटी वाजवणारे, एक मराठीचे मास्तर आणि चौथा मी, ज्याला ऐकण्यापलीकडे काही येत नाही. चंद्रपूर सोडून मूलचा रस्ता धरला, की दोन्ही बाजूंना साग आणि बांबू दाटू लागतो. मूलहून पोंभुर्ण्याकडे वळलो तेव्हा धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि घराघरांपुढे तणसाचे ढीग उभे होते. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात पेटीवाल्यांच्या मामांचे घर. “नाटक पाहायला आलात ना? मग आधी पोटभर जेवून झोपा,” मामींनी दटावून सांगितले. “पहाटेपर्यंत कोणी उठू देणार नाही तुम्हाला!”

मामींचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. शेतातच मंडप घातलेला. प्रेक्षकांची जागा पुढे खोलगट खणलेली, म्हणजे मागच्याला पुढच्याचे डोके आड येऊ नये. जमिनीवर तणस, तणसावर सतरंज्या, सतरंजीवर घोंगडी पांघरलेली सारी कुटुंबे. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत कोणी घरी राहिलेले नव्हते. पाहुणे तर इतके, की गावाची वस्ती दुप्पट झाली असावी. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, ही इथली जुनी जोडी. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली आणि जोडीतला एक गडी गळाला; पुढे परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून बैलांच्या घुंगरांनाही उसंत नाही.

मध्यरात्र जवळ आली तेव्हा पडदा वर गेला. नाटक कौटुंबिक होते. भावाभावांचा तंटा, सोशीक सून, खलपुरुष शेजारी. नायक बोलत होता ती भाषा थेट पाठ्यपुस्तकातली. गाणीही तशीच. विनोदी नोकर आला मात्र, आणि मंडप जागा झाला. तो बोलत होता झाडीबोली! पुढे पहाटेपर्यंत हाच प्रकार चालला. रडायची वेळ आली की पुस्तकी मराठी, हसायची वेळ आली की घरची बोली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी ओसरीवर एका म्हाताऱ्या गीतकारांना बोलावून घेतले. तरुणपणी ते दंडारीसाठी गाणी रचीत. दंडार हा झाडीचा जुना खेळ. ढोलकी आणि टाळांच्या साथीवर, पुरुषांनीच स्त्रियांची सोंगे घेऊन, गण-गवळणीपासून रात्रभर रंगवायचा. त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. पाने पिवळी पडलेली, अक्षर मात्र मोत्यासारखे. त्यांनी एक गाणे म्हणून दाखवले. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला आणि आई त्याची वाट पाहते आहे, एवढाच विषय. या भागातून दर वर्षी माणसे अशी मजुरीला जातात, म्हणून हे गाणे ऐकताना ओसरीवरच्या बायका काम टाकून उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. पहिली ओळ संपली ‘डोरा’ या शब्दावर, दुसरी ‘कोरा’ या शब्दावर. आईचा डोळा वाटेला लागलेला. नि पोरासाठी शिवलेला सदरा पेटीत कोराच पडून राहिलेला!

आमचे मास्तर हळूच म्हणाले, “गाणे फार सुंदर आहे, बाबा. पण ‘डोरा’च्या जागी ‘डोळा’ हवे. आणि तसे केले तर यमक मोडते.”

म्हातारबुवा हसले. “होय जी, गुरुजी. तुमच्या गावात मोडते. आमच्या गावात डोराच हाय!”

वाचकहो, या एका वाक्यात सारे आले. झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीची ध्वनिव्यवस्था नोंदवून ठेवली आहे. तीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘श’ नाही. ‘काळा’चे ‘कारा’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. तेव्हा झाडीतल्या कवीला ‘कारी’ला ‘दारी’ जुळते आणि ‘पानी’ला ‘रानी’ जुळते. आपल्याला ते जुळत नाही, कारण आपला कान निराळा. यमक चुकलेले नसते. ते फक्त आपल्या घरी येऊन चुकते.

मग ही गाणी गेली कुठे? म्हातारबुवांनी सांगितले ते असे. त्यांचा नातू शाळेत जातो. त्याने आजोबांचे गाणे वहीत उतरवले, आणि शाळेत कोणीतरी तांबड्या शाईने सारे ‘र’ काढून तिथे ‘ळ’ बसवले. पोराने घरी येऊन वही मिटली. आता तोही गाणी रचतो, पण पुस्तकी भाषेत आणि सिनेमाच्या चालीवर. “चांगली रचते जी,” आजोबा म्हणाले, “पन त्याची आजी आयकत नाही.”

या मुलुखात गाणे ही नुसती करमणूक कधीच नव्हती. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणत हीच खेडी जागी केली. याच जिल्ह्यातील चिमूर १६ ऑगस्ट १९४२ रोजी पेटून उठले. आणि त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. ज्या भजनांची सरकारला धास्ती वाटली, ती सामान्य कुणब्याला एकदा ऐकून पाठ होत, यात त्यांचे सामर्थ्य होते. गाणे आजीच्या कानात शिरले नाही, तर ते गावात राहत नाही, ही गोष्ट इथे सर्वांना ठाऊक आहे.

तरी आशेला जागा आहे. झाडीबोलीची साहित्य संमेलने खेड्यापाड्यांत भरत आली आहेत, आणि बोलीत लिहिणारे तरुण तिथे धीटपणे उभे राहतात. पुण्यामुंबईला जाऊन स्थायिक झालेल्या, पण मूळच्या इकडच्या कुटुंबांनी दिवाळीला गावी गेल्यावर एवढे जरी केले, की आजीला एक जुने गाणे म्हणायला सांगितले आणि ते जसेच्या तसे उतरवून घेतले, तरी पुष्कळ होईल. दुरुस्त मात्र करू नये!

संध्याकाळी आम्ही निघायच्या बेतात होतो. डॉक्टर घाई करीत होते, कारण रानातला रस्ता, आणि या जिल्ह्यात वाघांची वस्ती दाट. पण मास्तर ओसरीवरून हलेनात. म्हातारबुवांच्या शेजारी बसून ते ते गाणे आपल्या टिपणवहीत उतरवून घेत होते. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांचे पेन क्षणभर थांबले. मी वाकून पाहिले. त्यांनी लिहिले होते, ‘डोरा’.