प्राथमिक आरोग्यसेवेतील शिक्षण व संशोधन : जामखेडच्या प्रयोगाचा विचार

रुग्णालयाच्या नोंदवहीत आलेल्या रुग्णांची गणना असते. न आलेल्यांची नसते. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा निराळा उल्लेख करण्याचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटावे. परंतु प्राथमिक आरोग्यसेवेविषयीचे संशोधन नेमक्या याच उणिवेपासून सुरू होते. एखाद्या तालुक्यातील अर्भकमृत्यूचे प्रमाण सांगावयाचे, तर वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांची संख्या हा झाला अंश, आणि त्या वर्षी जिवंत जन्मलेल्या सर्व बालकांची संख्या हा त्याचा छेद. रुग्णालयाजवळ अंश अपुरा असतो आणि छेद तर मुळीच नसतो. तो गावात, घराघरांत विखुरलेला असतो. यास्तव सामाजिक वैद्यकाच्या विभागाने गावात जाणे हे केवळ सेवाभावाचे कार्य नव्हे. ती त्या शास्त्राची गरज आहे.

हा विचार भारतात नवा नाही. भोर समितीने १९४६ मधील आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली, तेव्हाच भावी वैद्यास रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे असा आग्रह धरला होता. पुढे १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये ग्रामीण आरोग्य केंद्रांशी जोडण्याची योजनाही निघाली. तथापि विद्यार्थ्यास गावात नेणे निराळे, आणि गावाकडून त्याने काय शिकावे हे ठरविणे निराळे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडच्या प्रयोगाकडे वळणे उचित ठरते.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. बरे करून घरी पाठविलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच व्याधीने पुन्हा येतो, आणि बहुतेक व्याधी मुळात टाळता येण्याजोग्या असतात, हा अनुभव त्यांस तेथे आला. त्यानंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेड या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा बेत होता. पण खेड्यात एकट्याने राहणे त्यांस अवघड गेले. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्यसेविका म्हणून तयार करावे, असे ठरले. यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडच्या केंद्रात जमत. गावात कोण गरोदर आहे, कोणाचे मूल वजनात मागे पडले, कोण दगावले व का, हे प्रत्येकीने सांगावे, इतरांनी त्याची चिकित्सा करावी, आणि त्यातूनच पुढचा पाठ निघावा, अशी पद्धत होती. वर्गात शिकविलेले गावात वापरले जाई आणि गावात पाहिलेले वर्गात परत येई. प्रत्येक घर ओळखणारी ही स्त्री जन्ममृत्यूची जी माहिती आणी, तिच्यातूनच वर उल्लेखिलेला छेद हाती लागला. शिक्षण आणि संशोधन ही दोन कार्ये येथे एकाच बैठकीत पार पडत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ मधील एका ग्रंथात या प्रयोगाचे विवेचन समाविष्ट झाले. १९७८ च्या आल्मा आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो पुरस्कार झाला, त्यामागे अशाच काही प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु कीर्ती म्हणजे प्रमाण नव्हे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ च्या सुमारास हजारी १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. ही घट मोठी आहे. तथापि त्याच काळात लसीकरण, रस्ते, पिण्याचे पाणी आणि स्त्रीशिक्षण यांचा प्रसार सर्वत्र होत होता. पूर्वीची व नंतरची स्थिती केवळ शेजारी मांडल्याने यांपैकी कशाचा वाटा किती, हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगाबाहेरील गावांशी तुलना हवी. अशी तुलना २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. मातांस त्यांच्या मागील अपत्यांविषयी विचारून प्रकल्पातील आणि इतर गावांतील बालमृत्यू तपासले गेले. पहिला महिना ओलांडलेल्या पाच वर्षांखालील बालकांत मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यात मात्र निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही.

या निष्कर्षाच्या मर्यादा विद्यार्थ्याने स्वतः शोधाव्यात, इतक्या त्या बोधप्रद आहेत. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. मातेच्या स्मरणावर भिस्त होती. शिवाय शेजारच्या गावांतील लोकही जामखेडच्या रुग्णालयाचा लाभ घेऊ शकत असल्याने प्रत्यक्ष फरक दिसतो त्याहून मोठा असण्याचा संभव आहे.

पहिल्या महिन्याविषयीचा प्रश्न महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आधीच हाती घेतला होता. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी नवजात बालकाची घरीच देखभाल करावी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविके द्यावीत, आणि ४७ गावांशी तुलना करावी, अशी त्या अभ्यासाची आखणी होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत तुलनेने सुमारे ६२ टक्के घट झाली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता असे दिसते की, ‘आरोग्यसेविका उपयोगी आहे काय’ हा प्रश्न फार ढोबळ होय. कोणत्या वयाच्या बालकासाठी, कोणते कौशल्य देऊन आणि कोणत्या देखरेखीखाली, असेच विचारावे लागते. २००५ नंतर देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या. त्यांच्या प्रशिक्षणासही हाच प्रश्न लागू पडतो.

याच जिल्ह्यात लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि अलीकडे देशातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा अभ्यासक्रमही लागू झाला आहे. त्या कुटुंबांकडे विद्यार्थी तपासणीची यादी भरण्यापुरता जाईल, तर त्यास केवळ अंश मिळेल. जे दवाखान्यात आले नाहीत त्यांचा शोध घेण्याची आणि आपल्या यशाची तुलना दुसऱ्या गावाशी करून पाहण्याची सवय त्यास लागली, तरच विभागाचे शिक्षण व संशोधन एकमेकांस पूरक ठरले असे म्हणता येईल.