पेनी लिक : चाटून परत करायचा ग्लास

बोईसर स्टेशनबाहेर उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीपाशी उभं राहिलं की माझं लक्ष रंगीत बाटल्यांपेक्षा खालच्या बादलीकडे जातं. एकाचा ग्लास त्या पाण्यात बुचकळून पुढच्याला दिला जातो. अशाच पाण्याने लंडनच्या रस्त्यावरचं एक देखणं भांडं कायमचं घालवलं.

त्याचं नाव पेनी लिक. बुटका, जड काचेचा ग्लास. खाली चपटी बैठक, वर उथळ, निमुळता खळगा. जाड काच भिंगाचं काम करायची, त्यामुळे घासभर आइस्क्रीम काठोकाठ भरल्यासारखं दिसायचं. एक पेनी द्यायची, उभ्या उभ्या जिभेने चाटायचं आणि ग्लास परत करायचा. चमचा नाहीच. अर्ध्या पेनीचा नि दोन पेनींचा ग्लासही असे. विकणारे बरेचसे इटलीहून पोटासाठी आलेले. बर्फ-मिठात डबा फिरवायचा, आपल्याकडच्या पॉटसारखाच. तोवर आइस्क्रीम बड्यांच्या पंगतीतलं. मजुराच्या पोराला ते या ग्लासाने चाखवलं. म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

पण खळग्याच्या टोकाशी चिकटलेलं दूध नुसतं बुचकळून निघत नाही. 1879 मधल्या एका वैद्यकीय अहवालाने पटकीच्या साथीचा ठपका या ग्लासांवर ठेवला. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा उष्ट्या काचेच्या भीतीला नाव मिळालं. 1899 मध्ये सिटी ऑफ लंडनने बंदी घातली. तरी काही गाड्यांवर तो पुढेही चालत राहिला. 1902 मध्ये मँचेस्टरच्या अँटोनियो व्हॅलव्होनाने बिस्किटाचे कप भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि भांडंच खाऊन टाकायची सोय झाली.

आपल्याकडे पालघरच्या पाड्यांवर पळसाच्या पानांचा द्रोण आहेच; खाऊन झालं की टाकला, मातीत गेला. बऱ्याच गाड्यांवर मात्र आता काचेच्या जागी प्लास्टिकचे कप आले आणि त्यांनी गटारं तुंबतात. हा बदल मला पटत नाही. काच नीट धुतली तर वर्षानुवर्षं टिकते. दोष तिच्यात नव्हता, साचलेल्या पाण्यात होता. गाडीवाला तरी काय करणार? भर उन्हात बादली कुठून भरून आणणार? बोईसरजवळच्या तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, शेजारी एवढी मोठी एमआयडीसी उभी आहे. अशा गावात फेरीवाल्यांच्या रांगेजवळ वाहत्या पाण्याचे दोन नळ बसवणं अवघड नाही, आणि ते पुढच्या उन्हाळ्याआधी बसायला हवेत.