‘पित्त झालं’ या दोन शब्दांआड

पोळ्याची कर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात ‘पित्ता’चे रुग्ण एकाएकी वाढतात. डोके ठणकते, मळमळते, उजेड सोसवत नाही, तोंडाला कोरड पडलेली असते. सोबत आलेली पत्नी म्हणते, ‘डाक्टरसायेब, यायले पित्त झालं, एक सुई देऊन द्या.’ आदल्या रात्रीचा उल्लेख कोणी करत नाही. मीही चारचौघांत विचारत नाही, पडद्याआड नेऊन विचारतो.

इंग्रजी भाषा या बाबतीत मोकळी आहे. ‘हँगओव्हर’चा मूळ अर्थ मागे उरलेले, शिल्लक राहिलेले. हात थरथरू लागले तर ‘शेक्स’, भास होऊ लागले तर ‘हॉरर्स’. सकाळी पुन्हा घोट घेणे म्हणजे ‘हेअर ऑफ द डॉग’: जो कुत्रा चावला त्याचाच केस जखमेवर लावावा, अशी जुनी समजूत. जर्मनांनी तर या अवस्थेला मांजरांच्या विव्हळण्याचे नाव दिले! आपल्याकडेही शब्दांचा तुटवडा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार निरनिराळे विकार सांगितले आहेत. अरबी-फारसीतील ‘खुमार’ म्हणजे नशा ओसरतानाची पीडा. मराठीत येता येता तिची लज्जतदार ‘खुमारी’ झाली. घरात मात्र आपण ‘पित्त’, ‘जागरण’ किंवा फार तर ‘अजून उतरली नाही’ एवढ्यावर भागवतो. त्यामागची लाज मी समजू शकतो. पण या एका पांघरुणाखाली निरनिराळे आजार दडलेले असतात.

साधा हँगओव्हर रक्तातील मद्य ओसरू लागले की सुरू होतो आणि बहुधा दिवसभरात निवळतो. पाणी, मीठ-साखरेचे लिंबूसरबत, पातळ ताक आणि झोप पुरेशी. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काही जठराला जाळतात, काही यकृतावर भार टाकतात.

याउलट एक प्रकार मला श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात दिसतो. रोज पिणारा माणूस महिनाभर सोडायची म्हणून एकदम सोडतो. काही वर्षांपूर्वी पांढरकवड्याकडील एका शेतकऱ्याला तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. हात कापत होते, अंगाला घाम सुटला होता. घरच्यांना वाटले, ‘बाहेरचं’ असावे. शेजाऱ्यांना वाटले, अजून उतरली नाही. खरे तर ती केव्हाच उतरली होती. मद्याला सरावलेला मेंदू ते अचानक थांबताच बिथरतो. थरथर काही तासांतच सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांनी भ्रम. तो जीवघेणा ठरू शकतो. सकाळच्या ‘उताऱ्या’ने बरे वाटते तेही याचमुळे, आणि व्यसनाची गाठ तिथेच पक्की होते. त्या शेतकऱ्याला यवतमाळला दाखल करावे लागले, तो बचावला. सोडणाऱ्याला अडवू नका, मात्र आधी डॉक्टरांना भेटवा.

आणखी एक वाक्य ऐकले की मी हातातील पेन खाली ठेवतो: ‘पांढरं पांढरं दिसून रायलं.’ हे मिथेनॉलचे लक्षण असू शकते. मिथेनॉल प्यायल्यावर अर्धा-एक दिवस माणूस ठीकही वाटतो; त्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते, तेव्हा दृष्टी अंधुक होते, पोट दुखते, श्वास जोरात चालतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दुकाने बंद असताना, आपल्याच जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले. अशा वेळी ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून घालवलेला प्रत्येक तास डोळ्यांवर किंवा प्राणावर बेततो. वेळेत उपचार आणि डायलिसिस मिळाल्यास माणूस वाचू शकतो. शुद्ध हरपलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ वर फोन करा. पडून डोक्याला मार लागला होता का, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का, हेही सांगा.

श्रावणातील त्या शेतकऱ्याची पत्नी पुढच्या वर्षी आषाढातच त्याला घेऊन आली. पडद्याआड जायचीही वाट न पाहता म्हणाली, ‘पित्त नाही डाक्टरसायेब. दारू आहे. काल रात्री आठले शेवटची घेतली.’