एका दिवसाचं लंडन, मेंदूच्या हिशेबानं

लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक यांनी आखला आणि 1933 साली तो प्रवाशांच्या हातात पडला. रेषा सरळ, वळणं ठरावीक कोनांची, स्थानकं जवळजवळ सारख्या अंतरावर. गाडी कुठे बदलायची हे त्यावरून लहान मूलही सांगेल. शहर मात्र त्यात सापडत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्ये जेमतेम 260 मीटर अंतर आहे, तरी नकाशात ती दोन वेगळी गावं वाटावीत.

अमेरिकेला जाता-येता किंवा इंग्लंडमधल्या लेकीकडे जाताना ज्यांच्या वाट्याला लंडनचा एकच दिवस येतो, ती मंडळी बहुतेकदा याच नकाशावर दिवस आखतात. बिग बेन, मग भुयार. टॉवर ब्रिज, पुन्हा भुयार. मादाम तुसाँ, पुन्हा भुयार. संध्याकाळपर्यंत सगळे पॉइंट उरकतात, फोटोही ढीगभर निघतात. पण यातलं काय कशाच्या शेजारी होतं, हे विचारलं की गाडी अडते. दिवस एकच असेल, तर शहराचा एक सलग पट्टा पायी पाहावा आणि बाकीचं लंडन बिनदिक्कत सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागचं बरंचसं विज्ञान घडलंही लंडनमध्येच.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जॉन ओ'कीफ उंदरांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागाचा अभ्यास करत होते. तिथल्या काही पेशी उंदीर एका विशिष्ट जागी आला की सक्रिय होतात, दुसरीकडे गेला की शांत होतात, असं त्यांना दिसलं. हे 1971 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2005 मध्ये नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना हिपोकॅम्पसच्या शेजारच्या भागात अंतर आणि दिशेचं जाळं विणणाऱ्या पेशी सापडल्या. 2014 चं नोबेल या तिघांना मिळालं. या पेशींतून मेंदूत जागेचा जो नकाशा तयार होतो, त्याला कच्चा माल लागतो तो पावलांचा, वळणांचा, वेगाचा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांचा. भुयारात बसलेल्या माणसाला यातलं फारसं काही मिळत नाही.

लंडनच्या काळ्या टॅक्सीचे चालक याचं दुसरं टोक. परवान्यासाठी त्यांना चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यात तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं, की या चालकांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मोठा भाग असलेलेच या धंद्यात येत असतील, अशी शंका साहजिक होती. म्हणून पुढे उमेदवारांचा वर्षानुवर्षं माग काढला गेला. जे परीक्षा पास झाले, त्यांच्यातच तो भाग वाढलेला आढळला.

आपल्याला परीक्षा द्यायची नाही. पण फोनमधली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणते तेव्हा मेंदूत काय होतं, हे कळलेलं बरं. ह्यूगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 24 स्वयंसेवकांना सोहोच्या गल्ल्यांतून पडद्यावर वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना नवा रस्ता लागला, की हिपोकॅम्पसमधली हालचाल वाढे. पुढे फाटे जितके जास्त, तितकी ती जास्त. सूचनांबरहुकूम चालताना ही वाढ दिसलीच नाही. तेव्हा फोन खिशात ठेवा. मध्य लंडनच्या पदपथांवर नकाशांचे खांब उभे आहेत आणि त्या नकाशांत ‘वर’ म्हणजे उत्तर नसते. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात, ती दिशा वर असते. डोक्यातल्या डोक्यात नकाशा फिरवण्याचा त्रासच नाही. सार्वजनिक पाट्या लावणाऱ्या आपल्या महापालिकांनी हे जरूर पाहावं.

कुठला पट्टा निवडावा? मी प्रिमरोझ हिलपासून सुरुवात सुचवेन. टेकडी उंच नाही, पण माथ्यावरून सगळं मध्य लंडन समोर पसरलेलं दिसतं आणि पुढच्या तासांत भेटणाऱ्या गोष्टींना आधीच जागा मिळते. टेकडीच्या उत्तरेला, 10 किंग हेन्रीज रोड या घरात 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनानं 2015 मध्ये ते विकत घेतलं. मराठी माणसानं ते वगळू नये. तिथून रीजंट्स पार्क ओलांडून गॉवर स्ट्रीट, म्हणजे ओ'कीफ यांच्याच विद्यापीठावरून ब्रिटिश म्युझियम, मग कॉव्हेंट गार्डन, आणि शेवटी वॉटर्लू ब्रिज. अंतर सात-आठ किलोमीटर.

पुलावर जरा थांबा. थेम्स पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, हे शाळेत शिकलेलं. पण वेस्टमिन्स्टरपासून इथपर्यंत ती चक्क उत्तरेकडे येते आणि इथे वळते. म्हणून एका बाजूला पार्लमेंट आणि दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्स दोन्ही दिसतात. मनातले नकाशे अशी वळणं सरळ करून टाकतात. स्टॅन्ली मिलग्रम यांनी पॅरिसकरांकडून त्यांच्या शहराचे नकाशे काढून घेतले, तेव्हा जन्म तिथे गेलेल्यांनीही सीन नदी वास्तवापेक्षा बरीच सरळ काढली होती.

म्युझियममध्ये एक-दोनच दालनं पाहा. प्रवेश फुकट आहे, तेव्हा पैसे वसूल करण्याचा प्रश्न नाही. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं मात्र चुकवू नका. फोटोंचंही तसंच. लिंडा हेंकेल यांच्या 2014 च्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. पण एखादा बारकावा जवळ ओढून टिपला असेल, तर आठवण शाबूत राहिली. थोडेच काढा, पण रोखून काढा.

राहिलं घड्याळ. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. एका दिवसात शरीराचं घड्याळ जुळत नाही, जुळवायला जाऊही नये. मुंबईहून गेलेल्याला पहाटे चारलाच टक्क जाग येते आणि जूनमध्ये सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहाला टेकडीवर पोचता येतं. न्यूयॉर्कहून आलेल्यांचं उलट. त्यांनी सकाळ सोडावी, संध्याकाळ साधावी. शिवाय नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा सावध झोपतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं. हॉटेल कितीही महाग घेतलं, तरी झोप थोडी उणीच राहणार. त्यात संध्याकाळी साडेसातचा नाटकाचा खेळ म्हणजे मुंबईच्या घड्याळात रात्रीचे बारा. वेस्ट एंडचं नाटक पाहायचंच असेल, तर मुंबईहून आलेल्यांनी तिकीट दुपारच्या खेळाचं काढावं.