श्रमाला मान्यता, खेळाला संकोच : कोकणातील स्त्री आणि क्रीडाक्षेत्र

रत्नागिरी जिल्ह्यातील स्त्रीला कष्ट झेपत नाहीत, असे विधान त्या जिल्ह्यात कोणी गंभीरपणे करील असे वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात ओणवे राहून आवण लावणे, डोंगरउतारावरून लाकडांचे व गवताचे भारे डोक्यावर घेऊन उतरणे, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्या वाहणे ही कामे स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. मुंबईच्या गिरण्या भरभराटीत होत्या त्या काळात घरचा कर्ता पुरुष मुंबईस आणि शेत, गुरे व म्हातारी माणसे स्त्रीच्या अंगावर, अशी असंख्य कुटुंबांची वाटणी झालेली होती. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. पुरुषांच्या स्थलांतराची ती ठळक खूण होय. तथापि याच स्त्रीने सायंकाळी घरचे काम बाजूस ठेवून मैदानात उतरावे, ही कल्पना मात्र दीर्घकाळ विचित्र वाटत आली. तेव्हा स्त्रियांच्या क्रीडासहभागाचा विचार करताना ‘स्त्रीचे शरीर दुर्बल असते’ या समजुतीपाशी थांबून चालत नाही. जेथे ती समजूत व्यवहारात कोणी मानीत नाही, तेथेही संकोच शिल्लक राहतो.

हा संकोच श्रमाविषयी नसून एका विशिष्ट प्रकारच्या श्रमाविषयी आहे, असे प्रतिपादन करता येईल. शेतातील श्रमाला प्रयोजन असते. मंगळागौरीच्या किंवा गौरी-गणपतीच्या खेळांना विधीचे अधिष्ठान असते. फुगडी आणि झिम्मा हे काही सौम्य खेळ नव्हेत. दम, तोल आणि पायांची ताकद या तिन्हींची त्यांत कसोटी लागते. परंतु ते ठराविक सणाला, घरात किंवा अंगणात, बहुधा स्त्रियांच्याच मेळ्यात खेळले जातात, आणि त्यांत हारजीत लिहून ठेवली जात नाही. मैदानी खेळ या सर्व मर्यादा एकदमच ओलांडतो. तो निष्प्रयोजन असतो, उघड्यावर असतो, परक्यांच्या देखत असतो, त्याला वेगळा पोशाख लागतो आणि जिंकण्याची इच्छा त्यात उघडपणे बोलून दाखवावी लागते. समाजाला खुपते ते यांपैकी नेमके काय, हा खरा संशोधनाचा विषय होय.

ही घडण केवळ कोकणाची किंवा हिंदू समाजाची नव्हे, हे पाहण्यासाठी अगदी विरुद्ध हवामानातील एक उदाहरण उपयोगी पडते. नॉर्वेसारख्या हिमाच्छादित देशात स्की हे मुळात क्रीडासाधन नव्हते, वाहतुकीचे साधन होते; आपल्याकडे होडी जशी, तसे. स्त्रियाही त्याचा नित्याच्या कामासाठी वापर करीत. त्या देशातील त्रिसिल या गावी १८६२ साली इंग्रिड वेस्टबी नावाच्या मुलीने स्कीवरून उडी मारल्याची नोंद आहे. मात्र या व्यवहाराचे स्पर्धेत रूपांतर झाले तेव्हा स्त्री मागे राहिली. पुरुषांची स्की-उडी १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. स्त्रियांची २०१४ साली, रशियातील सोची येथे, म्हणजे ९० वर्षांनी आली. मधल्या काळात वैद्यकीय कारण पुढे करण्यात येत असे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या अध्यक्षांनी २००५ सालीही हा प्रकार वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांना योग्य दिसत नाही, असे मत व्यक्त केले होते. खेळाडू स्त्रियांनी कॅनडातील न्यायालयात दाद मागितली. हा भेदभावच आहे, असे न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केले; पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर त्या देशाचा मूलभूत हक्कांचा कायदा बंधनकारक नाही म्हणून त्यांची मागणी फेटाळली. विशेष हे की, ज्या टेकडीवर २०१० साली पुरुषांची स्पर्धा झाली, तिच्यावरील सर्वांत लांब उडीचा विक्रम त्यापूर्वी काही काळ लिंडसी व्हॅन या अमेरिकन स्त्रीच्या नावावर होता. शरीराने दिलेले उत्तर समोर असताना प्रश्न शरीराचाच म्हणून चर्चिला जात होता.

महाराष्ट्रातही याच जातीचे उदाहरण सापडते. ॲथलेटिक्समधील स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत पुरुषांसाठी १९०० सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे. स्त्रियांसाठी ती २००८ साली खुली झाली. त्यानंतर अवघ्या ८ वर्षांत, रिओ येथे, सातारा जिल्ह्यातील माणदेशची ललिता बाबर या शर्यतीच्या अंतिम फेरीत १० वी आली. दुष्काळी माणदेशातील मुलींच्या पायांत ही ताकद २००८ साली अकस्मात निर्माण झाली असे कोणी म्हणणार नाही.

देशी खेळांकडे वळल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कबड्डीची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला आणि स्त्रियांची १९५५ साली कलकत्त्याला झाली. अंतर ३ वर्षांचे, म्हणजे थोडेच. आशियाई क्रीडास्पर्धांत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली आणि स्त्रियांची २०१० साली ग्वांगझूला. तेथे हे अंतर २० वर्षांचे झाले. शिवाय नियमांतही भेद आहे. पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, स्त्रियांचे १२ × ८ मीटर. डावही पुरुषांचे २० मिनिटांचे, तर स्त्रियांचे परंपरेने १५ मिनिटांचे. मैदानाच्या मापातील फरक सरासरी उंचीने व हाताच्या पल्ल्याने समजावून देता येईल. वेळेतील फरकाला तसा आधार मिळणे कठीण. याउलट खो-खोत स्त्री-पुरुषांच्या मैदानाचे माप एकच आहे, आणि धावपळीचा ताण तर खो-खोत अधिकच. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ साली कोल्हापूरला झाली, पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर एकाच वर्षाने. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा स्त्री-पुरुषांचे सामने एकाच वेळापत्रकात होते. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. दोन्ही खेळ एकाच मातीतले, खेळणाऱ्या मुलीही एकाच समाजातल्या. मग एकात भेद आणि दुसऱ्यात समानता का? कबड्डीत अंगाला अंग भिडते, पकड असते. खो-खोत केवळ स्पर्श. आक्षेप बलाला नसून देहाच्या जाहीर झटापटीला असावा, असा तर्क करण्यास येथे जागा आहे. तो सिद्ध झालेला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

शाळा हे या प्रश्नातील दुसरे अंग. स्त्रीशिक्षणाचे कार्य उभारणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरूडचे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. शाळेच्या पटांगणाला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्या आश्रयाने मुलींचा खेळ कोकणात मान्य झाला, कारण तेथे खेळाला शिक्षणाचे प्रयोजन लाभले. प्रयोजनाचा आधार असेतोवर आक्षेप दबून राहतो. राज्य अजिंक्यपद स्पर्धांत उतरणारा रत्नागिरीचा महिला खो-खो संघ हे या परंपरेचेच फळ होय. परंतु शाळा सुटली की हा आश्रयही सुटतो. पुढे नोकरीतील क्रीडा-कोटा हे नवे प्रयोजन काही थोड्याजणींना मिळते. बाकीच्यांना विवाहानंतर मैदान परके होते. पंचविशीतील तरुण गणपतीत गावी येऊन मैदानावर उतरतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारीत नाही.

म्हणून केवळ खेळाडूंची संख्या मोजून मनोवृत्तीचे मोजमाप होणार नाही. जिल्ह्यातील एखाद्या गावी पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याने मुली किती खेळतात याबरोबरच आणखी काही विचारावे. सरावाची वेळ कोणती, अंधार पडल्यावर घरी सोडावयास कोण येते, मैदानाजवळ कपडे बदलण्यास जागा आहे काय, आणि त्या वेळेत घरातील पाणी कोण भरते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आई’ असे आले, तर त्या आईने स्वतः खेळणे केव्हा थांबविले, तेही नोंदवून घ्यावे.