पान्हा-पक्कड, लेखांक ७ : क्षाराने धरलेली यंत्रं

मागच्या आठवड्यात पंख्याचा कपॅसिटर बदलला. आज घरातला कुलर आणि शेतातलं ठिबक एकत्र घेतो, कारण दोघांना खाणारी गोष्ट एकच आहे : आपल्या बोअरचं पाणी.

गिरणाकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर आपल्या भडगाव परिसरात जमिनीखाली बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यासारखं ते चवीला खारट लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे पाणी तापलं किंवा उडालं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे चुनखडीचा पांढरा थर राहतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की कुलर दिवसभर पाणी हवेत सोडतो आणि क्षार टाकीत साठवतो.

अशा वेळी कुलरचा छोटा पंप पाणी चढवेनासा होतो आणि बहुतेक घरांत तो फेकून नवा आणला जातो. माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेच पंप चांगले असतात. आधी कान लावा. पाण्यात बुडवलेला पंप गुणगुणतोय पण पाणी फेकत नाही, तर त्याची कॉइल जिवंत आहे, आतली चक्री अडकली आहे. अजिबात आवाज नाही, तर वायर किंवा कॉइल गेली. कॉइल रेझिनमध्ये कायमची बंद केलेली असते, तिथे घरी काही करता येत नाही.

चक्री अडकली असेल तर प्लग उपसून पंप बाहेर काढा. तोंडावरची जाळी आणि झाकण काढलं की लोहचुंबकाला जोडलेली चक्री हाताने ओढून निघते. तिच्यावरच्या पांढऱ्या थरावर लिंबाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीचाच थर आहे. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवा, चक्री रात्रभर त्यात ठेवा, सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासा. ती बसते ती खाचही तशीच स्वच्छ करा. पंप कोरडा कधी चालवू नका. त्याला गार ठेवतं ते पाणीच. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर क्षार दिवसेंदिवस दाट होत जातो, शिवाय डेंग्यूच्या डासांना घर मिळतं. लोखंडी कुलरला अर्थिंग नसेल तर बाकी सगळी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी ते करून घ्या.

आता ठिबक. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठिबकाचं काम हाती घेतलं आणि खानदेशातल्या केळीचं रूप पालटलं. पाणी त्याच बोअरचं, म्हणून ड्रिपरच्या बारीक वाटेतही हाच थर बसतो. बाहेरून लावलेला ड्रिपर उघडून धुता येतो. नळीच्या आत बसवलेला उघडत नाही. त्याला व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकाला खत सोडायच्या जोडणीतून, अ‍ॅसिडचं पाणी द्यावं लागतं. शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाण्याचा सामू ४ च्या आसपास आला की पंप बंद करायचा, २४ तास तसंच राहू द्यायचं, मग नळ्यांची टोकं उघडून धुवून काढायचं. हिरवट, बुळबुळीत शेवाळ असेल तर मात्र अ‍ॅसिडचा उपयोग नाही, तिथे ब्लीचिंग पावडरचं पाणी लागतं.

उंदराने किंवा कोळप्याने नळी तोडली की पुष्कळ जण चिकटपट्टी गुंडाळतात, फेविक्विक लावतात. ते टिकत नाही. ही नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला कुठलाही साधा गोंद धरत नाही. खराब तुकडा कापून दोन्ही टोकं जॉइनरवर दाबून बसवणं हाच इलाज.

पार आयुष्य संपलेली नळीही बांधावर पेटवू नका. तिच्यात काजळी मिसळलेली असते, म्हणून ती उन्हात वर्षानुवर्षं तगते, आणि हा गुण वापरण्यासारखा आहे. लहान रोपाला तारेने आधार देताना तार नळीच्या तुकड्यातून ओवा, साल कापली जात नाही. उभी चिरलेली नळी विळ्या-कोयत्याच्या धारेला म्यान होते. बादलीच्या तारेच्या कडीवर तिचा वीतभर तुकडा चढवला की हाताला वळ उठत नाहीत. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली. त्याआधी, १९७० च्या दशकात, सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी मुलांना भूमितीच्या आकृत्या उभ्या करायला शिकवलं होतं. ठिबकाची बारीक नळी घरात पडून असेल तर मुलांच्या हाती द्या.

अ‍ॅसिडचं काम मात्र मुलांसमोर करू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर एका दिवशी, एका टाकीत आणू नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

पुढच्या आठवड्यात फवारणी पंपाचे वायसर. आपला पंप धुऊन, कोरडा करून समोर ठेवा.