चूक माणसाची, पण रस्ता कोणाचा?

आज आपण बोलणार आहोत रस्ते-अपघातांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर जीव गमावतात. एकट्या भारतात २०२२ साली हा आकडा १ लाख ६८ हजारांच्या वर होता.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ पासून रस्ता सुरक्षेचं दशक जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं. दशक संपलं, काम संपलं नाही! आता दुसरं दशक चालू आहे आणि २०३० पर्यंत मृत्यू नि जखमी निम्म्यावर आणायचे, असं उद्दिष्ट आहे.

यामागचा विचार काय? अपघात झाला की आपण लगेच म्हणतो, 'ड्रायव्हरची चूक.' स्वीडनच्या संसदेने १९९७ साली वेगळी भूमिका घेतली: माणूस चुकणारच, पण त्या चुकीची किंमत जीव असू नये. म्हणजे रस्ता, वेग आणि वाहन यांनीच ती चूक सांभाळून घ्यायला हवी.

आता कोलाड किंवा माणगाव डोळ्यांसमोर आणा. महामार्गाला लागूनच बाजार, एसटीची वाट बघणारी माणसं, शाळेची पोरं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे.

हे आपल्याकडे जमेल का? आपल्याच रायगडमधून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बघा. २०१६ साली तिथे १५१ मृत्यू झाले होते. धोक्याच्या जागा शोधून कठडे, फलक, वेगनियंत्रण, तातडीची मदत अशी कामं झाली आणि २०१९ पर्यंत मृत्यू शंभराच्या खाली आले. माणसं तीच होती, रस्ता बदलला.

आणखी एक गोष्ट. जखमीला मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आणलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ लावा, थांबा.

आणि पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या नाक्यावर माणसाने रस्ता ओलांडायचा कुठून?